दोन विहिरी : कानपूर व अमृतसर येथील शोकस्मारके आणि त्यांचे प्रेक्षक

मराठी माणूस पंढरपुरास दर्शनाला जातो, महाबळेश्वरास सहलीला जातो आणि ज्या घरी मृत्यू घडला असेल त्या घरी समाचाराला जातो. ह्या तिन्ही जाण्यांचे आचार भाषेने व रूढीने पूर्वीच ठरवून ठेवले आहेत. दर्शनाला जाणारा पादत्राणे बाहेर ठेवतो. सहलीला जाणारा शिदोरी बरोबर घेतो. समाचाराला गेलेला मनुष्य उठताना 'येतो' म्हणत नाही. परंतु जेथे शेकडो माणसे एकाच वेळी मारली गेली आणि जी भूमी पुढे सर्व राष्ट्राची म्हणून राखून ठेवण्यात आली, तेथे जाण्याला काय म्हणावे ? वृत्तपत्रांनी 'भेट देणे' हा प्रयोग रूढ केला आहे खरा, पण तो उघडच इंग्रजी वळणाचा आहे. भेट ही मुळात माणसाची माणसाशी व्हावयाची, आणि 'भेट देणे' म्हणजे एखादी वस्तू नजर करणे. स्मारकाला कोणी काय नजर करावयाचे, हे त्या प्रयोगातून कळत नाही. शब्दसंग्रहातील ही उणीव केवळ कोशकारांच्या विचाराची बाब असती तर तिचा एवढा बोभाटा करण्याचे कारण नव्हते. पण शब्द ठरलेला नाही कारण आचार ठरलेला नाही, आणि आचार न ठरल्यामुळे स्मारकांचे काय होते ह्याची साक्ष उत्तर हिंदुस्थानातील दोन विहिरी देतात. त्यांपैकी एक कानपूरची, दुसरी अमृतसरची.

कानपूरची विहीर आधीची. १५ जुलै १८५७ रोजी तेथील बीबीघर नावाच्या इमारतीत कोंडलेल्या सुमारे दोनशे इंग्रज स्त्रिया व मुले ह्यांची कत्तल झाली आणि दुसऱ्या दिवशी प्रेते जवळच्या विहिरीत टाकण्यात आली. सतरा तारखेस हॅवलॉकचे सैन्य शहरात शिरले. त्यानंतर नील ह्या अधिकाऱ्याने जे केले तेही ह्याच इतिहासाचा भाग आहे : पकडून आणलेल्या माणसांस फाशी देण्यापूर्वी बीबीघराच्या जमिनीवरील वाळलेले रक्त साफ करावयास लावावे, आणि त्यांच्या जातिधर्माला जे अत्यंत विटाळाचे तेच त्यांजकडून करवावे, असा त्याचा लेखी हुकूम होता. म्हणजे ह्या जागी आलेल्या पहिल्या 'एतद्देशीय' माणसांचा आचार हुकुमाने ठरविलेला होता.

१८६० नंतरच्या दशकात विहिरीचे तोंड बुजवून तिच्यावर मारोकेटी ह्या शिल्पकाराने घडविलेली देवदूताची संगमरवरी मूर्ती उभी करण्यात आली, भोवती गॉथिक धर्तीची दगडी जाळी आली, आणि जाळीच्या भोवती विस्तीर्ण बाग झाली. खर्च कानपूरच्या रहिवाशांवर बसविलेल्या दंडातून भागविण्यात आला. कोरीव लेखात, ही हत्या बिठूरच्या बंडखोर नाना धोंडोपंताच्या अनुयायांनी केली असे नाव घालून सांगितले होते. मृतांचे वर्णन मात्र 'ख्रिस्ती जन' असे होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्या स्मारकात मारणाऱ्याचे नाव दगडावर येते, त्याच्या पुढे उभा राहणारा मनुष्य कोणत्या बाजूचा आहे हे आधीच गृहीत धरलेले असते. तेथील नियमही त्याच गृहीताला धरून होते. बागेत गाड्या पायी चालण्याच्या वेगाने हाकाव्या लागत. मोठ्याने बोलणे वा खेळ ह्यांस मनाई असे. आणि एतद्देशीयांस परवान्याखेरीज आत प्रवेश नसे. इंग्रज प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत ह्या विहिरीला मानाचे स्थान होते, आणि युरोपीय प्रवाशांची गर्दी ताजमहालापेक्षाही येथे अधिक होई असे म्हटले जाते. तो प्रवास सहलीचा नव्हता, त्याला यात्रेचेच रूप आले होते : ठराविक मार्ग, ठराविक थांबे, ठराविक मौन.

राष्ट्रीय शोकस्मारकाशी वागण्याचा इतका काटेकोर आचार हिंदुस्थानात दुसऱ्या कोणत्याही जागी अमलात आला नसेल. आणि हाच आचार राज्याबरोबर एका रात्रीत संपला. १५ ऑगस्ट १९४७ च्या सुमारास लोक बागेत शिरले, मूर्तीला काहीशी इजा झाली, आणि पुढे ती मूर्ती व जाळी कानपूरच्या जुन्या छावणीतील चर्चच्या आवारात हलविण्यात आली. बागेला नानाराव पार्क हे नाव मिळाले. विहिरीच्या परिसरात तात्या टोप्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. ज्या वडाच्या झाडावर बंडवाल्यांना फाशी दिले असे सांगत, त्या झाडापाशी त्यांच्या स्मृतीचा फलक लागला. ते झाड २०१० साली पडले.

महाराष्ट्रातील वाचकाला ह्या बदलाचे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. नानासाहेब व तात्या टोपे ही नावे त्याच्या घरची आहेत. तरीही एक प्रश्न टाळता येत नाही. नील ह्याने फासावर चढविलेल्यांची स्मृती त्या जागी यावयास हवी होती, ती आली हे योग्यच झाले. पण बीबीघरात मारली गेलेली मुले नानासाहेबांच्या शत्रुपक्षाची असली तरी मुलेच होती, आणि आज त्या बागेत फिरावयास जाणाऱ्याला पायांखाली काय आहे हे कळण्याची सोय फारशी उरलेली नाही. परवान्याच्या नियमाने जो शोक एका जमातीपुरता राखला, तो ती जमात जाताच निराधार झाला. ज्यांस नव्वद वर्षे फाटकाबाहेर ठेवले त्यांनी फाटक उघडल्यावर आत येऊन शोक करावा, ही अपेक्षाच चुकीची होती.

अमृतसरची कथा ह्याच्या नेमकी उलट सुरू होते.

जालियनवाला बाग ही १९१९ साली बाग नव्हती. जल्ला गावच्या एका सरदार घराण्याच्या मालकीची म्हणून तिला ते नाव पडले; मागे कधीतरी तेथे बाग असेलही, पण त्या काळी ती घरांच्या पाठभिंतींनी वेढलेली सहासात एकरांची पडीक जागा होती. तीत एक समाधी, थोडी झाडे आणि एक विहीर होती. १३ एप्रिल १९१९ रोजी, वैशाखीच्या सणाच्या रविवारी, जनरल डायर पन्नास बंदूकधारी शिपाई घेऊन अरुंद बोळातून आत आला. दोन चिलखती गाड्या बोळात मावल्या नाहीत म्हणून बाहेर राहिल्या. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी गणतीप्रमाणे ३७९ माणसे मेली : ३३७ पुरुष, ४१ मुलगे आणि सहा आठवड्यांचे एक तान्हे मूल. काँग्रेसच्या चौकशी समितीने मृतांचा आकडा हजाराच्या घरात धरला. त्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी ह्यांच्याबरोबर मुंबईचे मुकुंदराव जयकर होते. सतराशेंहून अधिक साक्षी गोळा करून त्यांतील साडेसहाशे छापण्यात आल्या. घटनेनंतर ह्या जागेवर प्रथम जाणतेपणाने गेलेले लोक ते हे : भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा मोजणारे. त्यांचे जाणे दर्शन नव्हते, सहल तर नव्हतीच. ते पंचनाम्याला गेले होते. पुढच्या काळात ही दृष्टी जवळजवळ लोपली, हे ध्यानात ठेवावयास हवे.

डिसेंबर १९१९ मध्ये त्याच शहरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. मोतीलाल नेहरू अध्यक्ष होते आणि विलायतेहून नुकतेच परतलेले लोकमान्य टिळक उपस्थित होते. बाग विकत घेऊन स्मारक करण्याचा विचार तेथे पक्का झाला आणि १९२० साली वर्गणी जमवून सुमारे साडेपाच लाख रुपयांस जागा खरेदी करण्यात आली. त्या काळच्या साडेपाच लाखांचे मोल पाहता ही रक्कम जमणे हेच जनमताचे एक मोजमाप मानता येईल. षष्ठीचरण मुखर्जी हे बंगाली डॉक्टर गोळीबाराच्या वेळी बागेत होते. त्यांनी ह्या कामास वाहून घेतले आणि देखरेख पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याकडे राहिली.

पण स्मारक असावेच काय, ह्याविषयी एकमत नव्हते. एप्रिल १९२० मध्ये पहिल्या वर्षदिनानिमित्त मुंबईत सभा भरली. तिला रवींद्रनाथ ठाकुरांनी पत्र पाठविले. वर्षभरापूर्वी ह्याच अत्याचारामुळे 'सर' ही पदवी परत करणाऱ्या ह्या कवीचा आशय असा होता की, अन्यायाची व संतापाची काळी आठवण दगडांत बांधून पुढच्या पिढ्यांवर लादू नये. ज्याच्यापुढे आदराने मान लववावी अशाच गोष्टींची स्मारके मागे ठेवावीत. गांधीजींनी स्मारकाचा पुरस्कार केला, पण द्वेष जागता ठेवण्यासाठी ते नव्हे, असे बजावून. निरपराध मृतांचे ऋण विसरता येत नाही, आणि तेथे हिंदू, मुसलमान व शीख ह्यांचे रक्त एकत्र सांडले म्हणून ती जागा ऐक्याची खूण व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. दोघांच्याही मनात एकच भीती होती आणि तिचे उदाहरण कानपुरात उभे होते. नाव घालून दोष देणारा, एका पक्षाचा शोक दुसऱ्या पक्षाच्या डोळ्यांत खुपेल असा मांडणारा दगड आपण उभारावयाचा नाही, हे दोघांसही मान्य होते. दगडच उभारू नये हे फक्त रवींद्रनाथांचे म्हणणे.

रवींद्रनाथांचा पक्ष दुबळा होता असे मानण्याचे कारण नाही. मराठीतच पाहावे. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत मराठी माणसाने दगडात नव्हे, भाषेत जतन केले. 'पानिपत होणे' हा प्रयोग ज्यांना सदाशिवरावभाऊंचे नावही ठाऊक नाही अशा खेडुतांच्या तोंडी आहे. त्या रणभूमीवरील स्तंभ किती मराठी माणसांनी पाहिला असेल हा प्रश्न वेगळा. तो न पाहताही स्मृती टिकली, एवढे खरे. अर्थात भाषेत टिकलेल्या स्मृतीची झीजही होते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाचेही आता पानिपत होते.

जागा घेतली, पण तीस वर्षे तिच्यावर काही उभे राहिले नाही. ह्या अवधीत लोक येत राहिले आणि त्यांनी आपापला आचार आपणच बनविला. येथली माती नेण्याचा प्रघात पडला. बालवयातील भगतसिंगाने बागेतील माती बाटलीत भरून नेली ही कथा सर्वश्रुत आहे. माती कपाळी लावणे हा दर्शनाचाच विधी, आणि तो ह्या जागेला कोणी नेमून दिलेला नव्हता. १९५१ साली संसदेने राष्ट्रीय स्मारकाचा कायदा केला, आणि १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ बेंजामिन पोक ह्यांनी योजिलेल्या तांबड्या दगडाच्या स्तंभाचे अनावरण झाले. त्यावर हिंदी, पंजाबी, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषांत फक्त तारीख आणि हुतात्म्यांची स्मृती एवढाच मजकूर आहे. डायरचे नाव नाही. कानपूरच्या लेखाशी ताडून पाहिले असता हा संयम लक्षात येतो. जेथून गोळ्या सुटल्या त्या जागेवरील इंग्रजी फलकाची वाक्यरचनाही अशीच कर्मणी आहे : येथून लोकांवर गोळ्या झाडण्यात आल्या. कोणी झाडल्या, हे वाक्यात येत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने कर्त्याचा लोप हा कधी सौजन्य असतो, कधी पळवाट असते. येथे तो गांधीजींच्या १९२० च्या भूमिकेला धरून आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

मृतांच्या बाबतीत मात्र असा संयम राहिला नाही. प्रवेशाजवळच्या फलकावर अहिंसक लढ्यात प्राणार्पण केलेल्या सुमारे दोन हजार हिंदू, शीख व मुसलमान देशभक्तांच्या रक्ताने ही भूमी भिजली असल्याचे म्हटले होते. विहिरीतून १२० प्रेते निघाल्याची नोंद विहिरीवर आली आणि तिचे नाव 'शहीदी खूह' पडले. मेळावा सभेसाठी होता हे खरे, पण वैशाखीच्या जत्रेला आलेले, उन्हातून येऊन घटकाभर टेकलेले, आसपास राहणारे असे लोकही त्यात पुष्कळ होते. सहा आठवड्यांच्या मुलाला हुतात्मा म्हणता येईल काय ? 'हुतात्मा' म्हणजे ज्याने स्वतः आहुती दिली तो. ज्याला आहुती देण्याची संधीच मिळाली नाही, जो केवळ मारला गेला, त्याच्यासाठी आपल्या भाषांत गौरवाचा शब्द नाही, म्हणून सर्वांना एकाच शब्दात बसविण्यात आले. ह्याचा परिणाम पाहणाऱ्याच्या वृत्तीवर होतो. हुतात्म्यापुढे हात जोडून निघून जाता येते. नुसत्या मारल्या गेलेल्या माणसापुढे उभे राहिले की कोणी, का, कोणत्या हुकुमाने, असे प्रश्न मनात येतात.

ह्या फलकाने एकदा मोठा वादही निर्माण केला. ऑक्टोबर १९९७ मध्ये राणी एलिझाबेथ बागेत आल्या, पुष्पचक्र वाहून मूक उभ्या राहिल्या. त्यांचे पती प्रिन्स फिलिप ह्यांनी फलकावरील दोन हजारांचा आकडा फुगविलेला आहे, त्यात जखमी धरले असावेत, असा शेरा मारला. आकड्याविषयीचा त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. पण समाचाराला गेलेल्या माणसाने मृताचे वय चुकीचे सांगितले म्हणून घरच्यांना दुरुस्त करू नये, हा आचार कोणत्याही खेड्यातील म्हातारी सांगू शकेल. २०१३ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान कॅमेरन ह्यांनी अभिप्राय-वहीत ही घटना अत्यंत लज्जास्पद असल्याचे लिहिले. क्षमा मागितली नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी आले आणि स्मारकापुढे जमिनीवर पालथे पडले. १९१९ च्या एप्रिलात ह्याच शहरातील कूचा कुडीछां नावाच्या गल्लीत, एका इंग्रज बाईवर हल्ला झाला म्हणून, येणाऱ्याजाणाऱ्या हिंदी माणसांना पोटावर सरपटत जाण्याचा हुकूम डायरने दिला होता. जमिनीला पोट लावण्याची शारीरिक क्रिया दोन्हीकडे तीच. एका प्रसंगी तिला सरपटणे म्हणावे लागते, दुसऱ्या प्रसंगी दंडवत. शंभर वर्षांनी आलेल्या ह्या पाहुण्याने योग्य आचार स्वतःच्या धर्मातून शोधून काढला, आणि तो कोणत्याही भारतीयाला भाषांतरावाचून समजला.

सामान्य प्रेक्षकाची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. बाग सुवर्णमंदिरापासून चालत काही मिनिटांवर आहे. तेथे त्याने डोके झाकलेले असते, पाय धुतलेले असतात, लंगरात प्रसाद घेतलेला असतो. मग जोडे पुन्हा घालून तो बागेत येतो, आणि संध्याकाळी वाघा सरहद्दीवर ध्वज उतरविण्याचा समारंभ पाहून टाळ्या वाजवितो. महाराष्ट्रातून निघणाऱ्या यात्रा-मंडळ्यांचा अमृतसरचा दिवस बहुधा असाच आखलेला असतो. नामदेवांच्या घुमानास जाणारे वारकरीही, आणि २०१५ च्या एप्रिलात तेथे भरलेल्या साहित्यसंमेलनाच्या निमित्ताने, मराठी साहित्यिकही ह्याच वाटेने गेले. दर्शन आणि तमाशा ह्यांच्या मध्ये सापडलेल्या बागेत त्याने कसे वागावे ? हिरवळीवर तो बसतो, मुले धावतात, छायाचित्रे काढली जातात. ह्या वर्तनाविषयी सुशिक्षितांत वारंवार नापसंती व्यक्त होते. पण जागेवर हिरवळ, गुलाबाचे ताटवे आणि बंदूक रोखलेल्या शिपायांच्या आकारात कातरलेली झुडपे कोणी लावली ? पडीक जमिनीला नावाप्रमाणे बाग बनविणारे स्मारकाचे व्यवस्थापकच होते. बागेत आलेला मनुष्य बागेत वागावे तसे वागला, तर दोष सर्वस्वी त्याचा म्हणता येत नाही.

तरीही एक गोष्ट दीर्घकाळ टिकून होती, आणि ती म्हणजे प्रवेशाचा बोळ. दोन घरांमधील उघड्या विटांची ती अरुंद वाट चालताना अगदी बेफिकीर माणसालाही कळे की शिपाई येथूनच आले आणि लोकांना मात्र येथून बाहेर पडता आले नाही. हे कळण्यासाठी वाचता येण्याची गरज नव्हती. बोळ, गोळ्यांच्या खुणा राहिलेल्या भिंती आणि विहीर ह्या तीन गोष्टी १९१९ च्या पंचनाम्यातील अस्सल वस्तू होत्या; बाकी सर्व नंतरचे.

२८ ऑगस्ट २०२१ रोजी नूतनीकरणानंतर बाग पुन्हा खुली झाली तेव्हा बोळाच्या दोन्ही भिंती उठावाच्या शिल्पांनी भरल्या होत्या. जत्रेला निघालेली, हसरी, आनंदी माणसे त्यांत दाखविली आहेत. खालची फरशी गुळगुळीत झाली आहे. विहिरीला काचेचा आडोसा आला, स्तंभापाशी कमळांचे तळे झाले, बाहेर पडण्याचा मार्ग निराळा झाला, रात्रीसाठी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आला. चमनलाल, किम वॅग्नर आदी इतिहासकारांनी इतिहास पुसला जात असल्याची तक्रार केली. मृतांच्या काही वंशजांनीही नाराजी दाखविली. उलट पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री अमरिंदर सिंग ह्यांस झालेले काम चांगले वाटले. नव्या रचनेचे समर्थनही करता येते : जुन्या वास्तूंची पडझड होत होती, आणि ते लोक गोळ्यांपूर्वी सणाच्या आनंदात होते हे शिल्पे सांगतात, 'शहीद' ह्या शब्दाने झाकलेला जत्रेकरू त्यांत पुन्हा दिसतो, हा लाभ लहान नाही. पण त्यासाठी बोळाच्या भिंतीच का वापरल्या, ह्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. शिल्पे अन्यत्र बसविता आली असती. बोळ दुसरा मिळणार नाही. निर्गमनाचा मार्ग निराळा केल्याने तर जागेचे मुख्य प्रमाणच दुबळे झाले आहे, कारण त्या दिवशी सुटकेची वाट नव्हती हीच तेथील घटना होती.

कानपुरात नियम होते आणि ज्यांच्यासाठी स्मारक होते ते लोक निघून गेले. अमृतसरला लोक आहेत, दिवसेंदिवस वाढत आहेत, आणि ते बोळातून आत शिरताना भिंतीवरच्या हसऱ्या चेहऱ्यांशेजारी उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढून घेतात. विहिरीपाशी आल्यावर मात्र पुष्कळ जण अजूनही काचेशी कपाळ टेकून खाली वाकून पाहतात. वरून आत टाकलेल्या नोटा आणि नाणी तळाशी दिसतात.